स्टेज वन म्हणून ३२ हजारांची काळी डबी

आधीच सांगतो, यात माझा गाढवपणा पण भरपूर आहे, तो लपवणार नाहीये. घरात अजून खरा आकडा सांगितलेला नाही, आबांना वाटतंय सर्व्हिसिंगला ८ हजार गेले. पण गाडीची पॉवर वाढवून देतो (त्याला स्टेज वन ट्यूनिंग म्हणतात) असं सांगून ज्या ट्यूनरने मला फसवलं, तो माणूस अजून धंदा करतोय, गिऱ्हाईक रोज येतंय, म्हणून लिहायला बसलो. नाव घेत नाही. पुण्यातला आहे एवढंच.

गाडी पोलो जीटी टीडीआय, २०१५ ची, सेकंड हँड. ७८ हजार किमी चाललेली, ४ लाख ६० हजारला मिळाली. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडे कमी पैशात मिळणारी डिझेल हॉट हॅच (छोटी पण जोरात पळणारी गाडी) म्हणाल तर हीच, फार तर फोर्ड फिगोची १०० पीएसवाली १.५ डिझेल. जीटी टीडीआय २०१३ ला आली तेव्हा १.६ लिटरचं इंजिन होतं, पुढच्या वर्षी १.५ चं टाकलं कारण १५०० सीसीच्या आत आणि चार मीटरच्या आत गाडी असली की डिझेलला टॅक्स कमी बसायचा. आकडे तेच ठेवले, १०५ पीएस पॉवर आणि २५० एनएम टॉर्क, म्हणजे ओढ. आपल्या चाकणलाच बनायची. २०२० च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे बीएस ६ नियम आले आणि फोक्सवॅगनने इथलं डिझेल बंदच केलं, त्यामुळे आता जी काही चांगली पीस आहे ती लोक जपून ठेवतात आणि विकली तर भाव खाऊन विकतात.

या गाडीची गंमत आणि दुखणं एकच आहे. १८०० आरपीएमच्या खाली झोपलेली असते. तुम्ही दाबताय, ती जांभई देतीय, आणि मग १८०० ओलांडलं की मागून कोणीतरी ढुंगणाला धक्का दिल्यासारखी उठते. हायवेला मजा येते, गावात आणि घाटात वैताग. साताऱ्याहून पुण्याला माझं आठवड्यातून एकदा तरी जाणं असतं, खंबाटकीत ट्रकच्या मागे अडकलो की दुसरा गिअर टाकू का तिसरा या विचारातच ओव्हरटेकचा चान्स जायचा. त्यात आमच्या ग्रुपमधला एक मित्र, म्हणजे तेव्हा मित्र वाटायचा, मागे लागला. म्हणे माझीपण त्यानेच केली, स्टेज वन करून घे, गाडी वेगळीच होते, सगळा लॅग, म्हणजे दाबल्यावर उठायला लागणारा उशीर, गेला.

स्टेज वन म्हणजे इंजिनला हात न लावता फक्त ईसीयूमधलं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलणं, यालाच रिमॅप पण म्हणतात. डिझेलमध्ये पॉवर शेवटी इंजेक्टर किती डिझेल सोडतो आणि टर्बो किती हवा कोंबतो यावर असते, कंपनीने त्याला मर्यादा घातलेल्या असतात, ट्यूनर त्या थोड्या वर सरकवतो. खरं काम केलं तर फरक पडतो, त्यात खोटं काही नाही, या इंजिनच्या बाबतीत लोक १३०-१४० पीएसच्या गप्पा मारतात. आणि खरं आहे म्हणूनच खोटं विकायला सोपं जातं.

तर गेलो. शटरच्या आत दोन भारी गाड्या उभ्या, भिंतीवर स्टिकर, टेबलावर लॅपटॉप, एसी. माणूस बोलायला गोड. भाव ३६ हजार सांगितला, मग म्हणाला शेठ बिल नको असेल तर ३२ मध्ये बसवतो. मला पण तेच पाहिजे होतं, चार हजार वाचले म्हणून मनात गुदगुल्या. जीपे केलं, ते पण दुकानाच्या नावावर नाही, कुठल्यातरी तिसऱ्याच्या नंबरवर. नोटमध्ये त्याने सांगितलं म्हणून मी 'भाऊ' असं लिहिलं. हे आज लिहिताना हात थांबतोय.

गाडी आत घेतली आणि मला म्हणाला समोर चहा घेऊन या, अर्धा तास लागेल, आत गिऱ्हाईक अलाऊड नाही. मी चहा घेतला, क्रीमरोल पण खाल्ला. ३५ मिनिटांत फोन आला, झाली. आता मला कळतंय तेव्हा काय काय दिसत होतं आणि मी बघितलं नाही. फ्लॅश करताना, म्हणजे ईसीयूत नवं सॉफ्टवेअर टाकताना, बॅटरीचं व्होल्टेज पडू नये म्हणून बॅटरीला चार्जर लावतात, मधेच करंट गेला तर ईसीयू मरतो. तिथे चार्जरच नव्हता. उलट ड्रायव्हर साईडच्या मॅटवर वायरी बांधायच्या दोन प्लॅस्टिकच्या टायची कापलेली शेपटं पडलेली, मी स्वतः उचलून बाहेर टाकली, म्हणलं मागच्या मालकाची असतील.

मग टेस्ट ड्राइव्ह. तो शेजारी बसला, म्हणाला आता फक्त बोट ठेवल्यासारखा पाय ठेवा. ठेवला. गाडी सुटली की हो! म्हणजे खरंच, पूर्वी जिथे अर्धा पाय दाबायला लागायचा तिथे नुसतं टेकवलं की उचल घेत होती. मी येड्यासारखा हसत होतो. निघताना व्हॉट्सअ‍ॅपवर डायनोची (गाडीची पॉवर मोजायच्या मशीनची) शीट पाठवली, १३८ पीएस, ३१८ एनएम, वर माझ्या गाडीचा नंबर टाकलेला. मी ती स्टेटसला ठेवली.

चार महिने मी खूश होतो. खंबाटकीत लॅग तेवढाच होता, फोन करून विचारलं तर म्हणाला टर्बो तोच आहे ना शेठ, टर्बो थोडी बदललाय. पटलं. अ‍ॅव्हरेज २० वरून १७ वर आलं, म्हणाला पॉवर वाढली की डिझेल लागणारच. ते पण पटलं. माणसाने ३२ हजार दिलेले असले की त्याला काहीही पटतं.

मे महिन्यात दुपारी पुण्याला चाललो होतो. खेड शिवापूरच्या टोलनाक्याला लाईन, ऊन असं की डॅशबोर्डला हात लावता येईना. गाडी पुढे सरकवली, ब्रेक मारायला पाय टाकला तर पेडल पूर्ण खाली जाईना, मधे काहीतरी मऊसर कडक लागलं. स्पीड १० चा पण नसेल म्हणून वाचलो, हँडब्रेक ओढला, पुढच्या टेम्पोच्या बंपरपासून वीतभर अंतर. पाय झटकला तसं काहीतरी ओढलं गेलं आणि मीटरवर ग्लो प्लगची ती स्प्रिंगसारखी लाईट ब्लिंक करायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर मेला. दाबा नाहीतर नाचा, आरपीएम एका जागी अडकलेलं. मागून हॉर्न. त्याच आरपीएमवर क्लच सोडून पहिल्या गिअरमध्ये टोल पार केला आणि कडेला घेतली.

खाली वाकून बघितलं तर काडेपेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी वायरीला लोंबकळतीय, पाठीवर डबल टेप, उन्हाने चिकट पातळ झालेली, तिला माझ्या मॅटची धूळ आणि एक केस चिकटलेला. पुढच्या बाजूला लेबल होतं ते ब्लेडने खरवडलेलं, नुसत्या पांढऱ्या रेघा राहिलेल्या.

पुढे अर्ध्या किलोमीटरवर एक वायरमन होता, त्याला बोलावून आणलं. तो पाठीवर झोपून आत घुसला, दोन मिनिटांत बाहेर आला, म्हणाला, "मालक, ही तुम्ही बसवलीय का कुणी तुम्हाला बसवलंय?" अजून इतकं नेमकं मला कोणी विचारलेलं नाही. अ‍ॅक्सिलरेटर पेडलच्या कनेक्टरला ती डबी मधे घातली होती, ओढ बसून पिन अर्धवट निघालेली. त्याने डबी काढली, कंपनीचा कनेक्टर सरळ लावला, चावी बंद करून चालू केली, गाडी नॉर्मल. २०० रुपये घेतले. डबी हातात देऊन म्हणाला, ऑनलाइन दोन-अडीच हजारात येते साहेब, पोरं बसवतात.

ती डबी काय करते ते नीट समजून घ्या, कारण फसवणूक पूर्ण त्याच्यावर उभी आहे. आजकालच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरला केबल नसते, पेडल नुसता सिग्नल पाठवतं की पाय इतका टक्के दाबलाय. डबी मधे बसून खोटं सांगते. तुम्ही ३० टक्के दाबलं तर ती ईसीयूला सांगते ६० दाबलंय. त्यामुळे पहिल्या इंचात गाडी पळाल्यासारखी वाटते. पण १०० टक्के म्हणजे १०० टक्केच, त्याच्या वर सांगायला काही उरतच नाही. फुल दाबून पळवली तर डबी असताना आणि नसताना गाडी सेम. इंजिनला त्याने बोट पण लावलं नव्हतं, ट्यून झाला होता तो माझा पाय. ही डबी डबी म्हणून विकली तर त्यात काही गैर नाही, ज्याला हौस आहे त्याने घ्यावी. ३२ हजारला रिमॅप म्हणून विकणं ही दरोडेखोरी आहे.

घरी येऊन मग मी जे आधी करायला पाहिजे होतं ते केलं. ट्यूनिंगला जायच्या आधीच्या आठवड्यात उत्साहात मी शिरवळच्या पुढच्या सरळ पट्ट्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते १०० चा टायमिंग घेतला होता, जीपीएसच्या अ‍ॅपवर, ९.६ सेकंद. गाडीतले आकडे मोबाईलवर दाखवणारा ८०० रुपयांचा ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल पण लावला होता, त्यात फुल दाबल्यावर मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, २३४ पर्यंत गेलेलं. नंतर कधी मोजलंच नाही, कारण गाडी पळतीय हे 'दिसत' होतं ना. अ‍ॅपची हिस्टरी काढली तर ट्यूनिंगनंतरच्या महिन्यातल्या एका ट्रिपचं रेकॉर्डिंग आपोआप पडलेलं. फुल थ्रॉटलला, म्हणजे पूर्ण दाबल्यावर, २३४. टर्बोने एक फुंकर पण जास्त मारली नव्हती.

मग ती डायनोची शीट काढली. आलेख ६२०० आरपीएमपर्यंत गेलेला. अरे बाबा, हे डिझेल आहे, ५००० च्या आसपासच दम संपतो हिचा, ६२०० ला कुठून जाईल, तो कुठल्यातरी पेट्रोल गाडीचा कागद होता. वर ३१८ एनएम दाखवलेत ४५०० आरपीएमला. इथे साधं गणित आहे, एनएम गुणिले आरपीएम भागिले साधारण ७०२३ केलं की पीएस येतात. ३१८ गुणिले ४५०० करा, २०४ पीएस येतात. आणि शीटवर लिहिलेत १३८. आकडे बदलणाऱ्याला पण कळत नव्हतं तो काय बदलतोय, आणि मी बारावी सायन्स, स्टेटसला ठेवून बसलेलो.

फोन केला. आधी म्हणाला डबी आमची नाहीच. फोटो पाठवला तर म्हणाला हां ते कॉम्बो असतं शेठ, फाईल (म्हणजे ईसीयूचं नवं सॉफ्टवेअर) पण टाकलीय आणि बॉक्स फ्री दिलाय. म्हणून मी दुसऱ्या एका ट्यूनरकडे गेलो, त्याने माझ्यासमोर, चार्जर लावून, ईसीयू वाचला आणि कंपनीच्या फाईलशी लावून दाखवला. दोन हजार घेतले. एक आकडा बदललेला नव्हता. मी म्हणलं मग तुम्ही करा, तर त्याने उलट मलाच प्रश्न विचारले, क्लच कधी टाकलाय, टायमिंग बेल्ट कधी बदलला, इंजेक्टर चेक केलेत का, आणि म्हणाला ८५ हजार किमी चाललेला जुना क्लच असेल तर आधी तो बघा, टॉर्क वाढवला की तोच पहिला घसरतो. पैसे घ्यायची घाईच नाही. पहिल्याने मला एकच प्रश्न विचारला होता, कॅश का जीपे.

पहिल्याला मग स्क्रीनशॉट पाठवले. ब्लॉक.

तक्रारीचं म्हणाल तर १९१५ ग्राहक हेल्पलाईनला फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि बिल मागितलं. बिल कुठे आहे, चार हजारात विकलं ना मी ते. जीपेवर तिसऱ्याचंच नाव, नोटमध्ये 'भाऊ'. आणि दुसरी मेख अशी की मी जे विकत घेत होतो तेच मुळात अडचणीचं, इन्शुरन्सला न कळवता इंजिनची पॉवर वाढवायची, गाडीत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काय म्हणतं ते वाचा, उद्या अ‍ॅक्सिडेंट झाला तर क्लेम अडकू शकतो. म्हणजे मी चौकीत जाऊन काय सांगणार, साहेब मला गाडीत न कळवता बदल करून घ्यायचा होता आणि याने केलाच नाही? हे त्या माणसाला पक्कं माहिती असणार. त्याचं गिऱ्हाईकच असं आहे जे ओरडत नाही.

ज्या मित्राने पाठवलं होतं त्याला विचारलं, तुझ्यात पण डबी आहे का बघ. तो म्हणाला त्याने करूनच घेतलं नव्हतं. पाठवलेल्या प्रत्येक गाडीमागे तीन हजार मिळायचे त्याला. सॉरी म्हणाला, मिसळ खायला ये म्हणाला. गेलो नाही.

तर कोणी करून घेणार असाल तर काम चालू असताना गाडीजवळ उभे राहा, उभं राहू देत नसेल तर चावी काढून घ्या. मूळ फाईलची कॉपी मागा, देतो म्हणणारा निदान वाचतो तरी. आधीचा आणि नंतरचा टायमिंग फुल थ्रॉटललाच घ्या, अर्ध्या पायावर कोणीही गाडी पळवून दाखवेल. आणि बिल घ्या रे बाबांनो.

परवा ओळखीतल्या एका पोराने स्विफ्ट डिझेलचं स्टेटस ठेवलं, 'स्टेज वन डन'. खाली डायनोची शीट. १३८ पीएस, ३१८ एनएम, आलेख ६२०० पर्यंत. १.३ चं इंजिन, कंपनीतून ७५ पीएसचं! मी त्याला एवढंच पाठवलं, भावा, अ‍ॅक्सिलरेटर पेडलच्या वर हात घालून बघ. दोन तास काही नाही. रात्री साडेदहाला फोटो आला, तळहातावर काळी डबी, लेबल ब्लेडने खरवडलेलं.