बीएसथ्री क्रॉसलिंकर: एका पावसाळ्यासकट आठ महिने

दोन प्रोटीन खरंच एकमेकांना धरून बसतात का, आणि बसत असतील तर कुठल्या बाजूने, हे मला शोधायचं होतं. त्यासाठी मार्चपासून बीएसथ्री वापरतेय, म्हणजे जवळ असलेल्या प्रोटीनांना पक्क्या दुव्याने जोडणारं रसायन (क्रॉसलिंकर). रसायन उत्तम आहे, पण मुंबईच्या हवेत त्याला फार जपावं लागतं.

त्याची दोन्ही टोकं प्रोटीनमधल्या लायसिन या अमिनो आम्लाचा अमाईन गट पकडतात. मधला दुवा ११.४ अँगस्ट्रॉमचा. डीएसएस या त्याच्याच भावंड रसायनाचा दुवाही तेवढाच, पण ते आधी डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकात विरघळवावं लागतं आणि माझं प्रोटीन त्याने गढूळ व्हायचं. बीएसथ्री थेट पाण्यात विरघळतं. पेशीच्या आत मात्र ते शिरत नाही. तिथे डीएसएसच हवं.

पहिले तीन आठवडे, आकारानुसार प्रोटीन वेगळी करणाऱ्या जेलवर नुसते मोनोमरचे, म्हणजे सुट्या प्रोटीनचे बँड. शेवटी लॅबमधल्या सीनियर ताईंनी विचारलं, "प्रोटीन कुठल्या बफरमध्ये आहे गं?" ट्रिसमध्ये! ट्रिस स्वतःच अमाईन, सगळं बीएसथ्री तेच पकडून बसत होतं. रात्रभर हेपीस या दुसऱ्या बफरमध्ये, पीएच ७.५ ला डायलिसिस करून ट्रिस काढून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी डायमरचा, म्हणजे जोडलेल्या जोडीचा बँड ठसठशीत आला. आता ट्रिस फक्त शेवटी, रिअॅक्शन थांबवायला.

मग जुलै लागला. फ्रीजमधली बाटली काढून मी लगेच उघडायचे. बाहेर धो धो पाऊस, गार काचेवर क्षणात दव. पाणी लागलं की बीएसथ्रीच्या टोकांवरचे एस्टर गट फुटतात. पीएच ८.६ ला तर ४ अंशांवरही अर्धायुष्य जेमतेम १० मिनिटं. ऑगस्टमध्ये अख्खी बाटली निकामी झाली. इतकं महागडं रसायन माझ्या हातून गेलं, याचं फार वाईट वाटलं.

तेव्हापासून २ मिलिग्रॅमच्या छोट्या कुप्याच घेते. मिलिग्रॅममागे महाग पडतात, तरी घ्याच. सिलिका जेलच्या डब्यातून काढून कुपी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मगच उघडायची. ७० मायक्रोलिटर पाणी घातलं की ५० मिलिमोलर होतं. उरलेलं टाकून द्यायचं, जीव कितीही तुटला तरी.

प्रोटीनच्या किती पट बीएसथ्री घालायचं, ते प्रमाण आपापलं ठरवावं लागतं. माझ्याकडे ५० पटीला जेलवर नुसता स्मिअर, म्हणजे पसरट डाग, २० पटीला स्वच्छ बँड.

मास स्पेकला (रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्राला) देणार असाल तर एक ध्यानात ठेवा: जोडलेल्या लायसिनपाशी ट्रिप्सिन हे प्रोटीन तोडणारं एन्झाइम कापत नाही, त्यामुळे पेप्टाइड लांब येतात. खऱ्या जोडणीने १३८.०७ डाल्टन वाढतात, १५६.०८ दिसले तर दुसरं टोक पाण्यानेच खाल्लंय. जुलैच्या माझ्या सॅम्पलमध्ये बहुतेक हेच होतं.