चिवड्याच्या दाढा आणि बडीशेपेच्या वासाची पावडर

पाकीट कापलं तसा घरभर बडीशेपेचा वास सुटला. हॉटेलात बिलाच्या बशीत ठेवतात ना, तसा. स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "अहो, एकटेच काय खाताय?" खात कोणीच नव्हतं, तीच तर अडचण होती. आमच्या चिवड्याने कितीतरी दिवसांत पोटभर म्हणावं असं काही खाल्लं नव्हतं.

चिवडा हा माझ्या नातीचा गिनी पिग. पांढरा, तपकिरी आणि काळा असे तीन रंग अंगावर सांडल्यासारखे, म्हणून चिवडा. वय चार वर्षं. मुलाची पुण्याला बदली झाली आणि हा काळाचौकीला आमच्या वाट्याला आला. पहिल्याच दिवशी शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "ही घूस कुठून आणलीत?" मुंबईत राहणाऱ्या माणसाला शेपटीवाचूनची घूस दिसली की प्रश्न पडायचाच.

परीक्षण लिहायचंय ते ऑक्सबो कंपनीच्या क्रिटिकल केअर या, आजारी प्राण्याला कालवून भरवायच्या पावडरीचं. पण ती काय कामाची आणि काय कामाची नाही हे कळायला आधीची हकीकत सांगावी लागेल. शिवाय मी तेहेतीस वर्षं गिरगावातल्या एका लॅबमध्ये कवळ्या बनवल्या. त्यामुळे बोलणं दातांकडे जरा जास्त झुकेल, सांभाळून घ्या.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात चिवड्याची हनुवटी ओली दिसायला लागली. मला वाटलं, पाण्याच्या बाटलीची नळी गळते. मग काकडीचा काप घेऊन तो तोंडात धरायचा, दोनदा चावल्यासारखं करायचा आणि सोडून द्यायचा. भूक नव्हती असं नाही. कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज आला की "वीऽक वीऽक" चालूच. धावत यायचं, काडी तोंडात घ्यायची आणि टाकायची. लेंड्या बारीक झाल्या, एका टोकाला निमुळत्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर ८४५ ग्रॅम. मे महिन्यात नातीने वहीत लिहून ठेवलेलं वजन होतं ९६०.

पहिला दवाखाना घरापासून जवळचा. नाव लिहीत नाही. तिथे तोंड उघडून पुढचे दात पाहिले, "वाढलेत" म्हणाले आणि नखं कापायच्या कात्रीसारख्या कात्रीने कट-कट दोन वेळा कापून मोकळे. दोन मिनिटांचं काम. कवळीवाल्या माणसाच्या अंगावर काटा आला, कारण दात असा दाबून कापला की तो उभा चिरू शकतो. पण पांढऱ्या कोटासमोर आपण गप्प बसतो. चिठ्ठीवर लहान मुलांचं अ‍ॅमॉक्सिसिलिनचं औषध लिहून दिलं. नशीब असं की आमच्या मेडिकलवाल्याकडे त्या दिवशी ते संपलं होतं. गिनी पिगला पेनिसिलिनच्या जातीचं औषध तोंडावाटे दिलं तर आतड्यातले कामाचे जंतू मरतात आणि जनावर दगावू शकतं, हे मला दुसऱ्या दवाखान्यात कळलं.

पुढचे दात कापून चिवडा खाणार कसा? उलट पुढचे तीन दिवस तो आणखी खंगला. ७९० ग्रॅम.

दुसरा दवाखाना उपनगरातला, ससे, पक्षी, कासवं पाहणारा. जायला टॅक्सी केली. हिंदमाताला पाणी भरलेलं, टॅक्सीवाला वळसा घालून नेतोय, मांडीवर भाजीची टोपली, टोपलीत टॉवेल आणि टॉवेलात चिवडा. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी वजन घेतलं, मग वही मागितली, मग विचारलं, "काका, मागच्या दाढा कोणी पाहिल्या का?"

कोणी पाहिल्या नव्हत्या. मीसुद्धा नाही, आणि मी दातांचा माणूस म्हणवतो. गिनी पिगला वीस दात. चार पटाशीचे, सोळा दाढा, सुळे नाहीत. आणि वीसच्या वीस जन्मभर वाढत राहतात. गवत आडवं चघळत राहिलं की झिजतात, नाही तर वाढतात. चिवड्याच्या खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी आत कलून जिभेवर कमान झाली होती. जीभ त्या कमानीखाली अडकलेली, घास मागे ढकलणार कोण? वरच्या दाढांची टोकं गालात रुतून एका बाजूला जखम. पुढचे दात लांब दिसत होते ते या सगळ्यामुळे, खरा घोटाळा मागे होता. डोक्याचा एक्स-रे, मग गॅसची भूल देऊन दाढा घासून जागेवर आणल्या. बाईंनी एक्स-रे दाखवला तेव्हा मला एक नवीनच गोष्ट कळली. कवळीत आम्ही दाढा जवळजवळ सपाट पातळीत बसवतो. याच्या मुळातच सुमारे ३० अंशांनी तिरक्या. देवाचा कारागीर वेगळ्या लॅबमधला.

भुलेआधी उपाशी ठेवायचं का असं मी विचारलं, कारण माणसांना ठेवतात. बाई म्हणाल्या, याला उलटी होतच नाही आणि याचं आतडं रिकामं राहता कामा नये. गिनी पिगच्या पोटात सतत काहीतरी सरकत राहावं लागतं. बारा-चोवीस तास थांबलं की आतडं सुस्तावतं, गॅस धरतो, आणि मग दात बाजूला राहून जीवावरच बेततं. म्हणून संध्याकाळी घरी सोडताना त्यांनी वेदनेचं औषध, क जीवनसत्त्वाचे थेंब आणि या पावडरीचं नाव लिहून दिलं.

आता पावडर. गवत खाणाऱ्या आजारी प्राण्यांसाठी ती बनवलेली आहे. टिमथी गवताचा भुगा आणि त्यात क जीवनसत्त्व. गिनी पिगला ते आपल्यासारखंच बाहेरून लागतं, शरीरात तयार होत नाही. कमी पडलं की दात धरून ठेवणारी ऊतीसुद्धा ढिली पडते, म्हणजे पुन्हा दातांवरच येतं. मी घेतली ती अ‍ॅनीसच्या चवीची, म्हणून तो बडीशेपेचा वास.

ऑनलाइन मागवलेलं पाकीट पावसामुळे चार दिवस उशिरा आलं, आणि मुदत संपायला दोनच महिने राहिलेलं. दोष विकणाऱ्याचा, पावडरीचा नाही. पण तुमच्याकडे गिनी पिग असेल तर एक पाकीट आधीच घरात ठेवा, आणि मागवताना मुदत विचारा. ते चार दिवस मी त्याच्या नेहमीच्या पेलेट गोळ्या कोमट पाण्यात भिजवून मिक्सरमधून काढून भरवल्या. हिने चटणीचं भांडं द्यायला साफ नकार दिला. शेवटी जुनं, पात्याला धार नसलेलं भांडं मिळालं. रात्रभराच्या अडचणीला तो लगदा चालतो, त्यापलीकडे नाही. सिरिंजमध्ये गाठी अडकतात, मागून दाबलं की एकदम पिचकारी. चाळीतल्या सल्ल्यांमध्ये दूधभात, साबुदाण्याची पेज आणि ग्लुकोजचं पाणी होतं. काकूंचा हेतू चांगला, पण दूध आणि पिष्ट हे याच्या पोटाला नको तेच.

पावडर कालवण्याचं काम मला एका दिवसात जमलं, कारण ते प्लॅस्टर कालवण्यासारखं आहे. पावडरीवर पाणी ओतायचं नाही, पाण्यात पावडर सोडायची. थोडं थांबायचं, मुरू द्यायचं, मग घोटायचं. मी लॅबमधली न वापरलेली रबरी वाटी आणि स्पॅटुला काढले. एक भाग पावडरीला दोन भाग पाणी, कोमट, कढत नाही, कारण कढत पाण्याने क जीवनसत्त्व जातं. पाच मिनिटांत घट्ट होतं, मग वरून चमचाभर पाणी. दाटपणा हवा पातळ पिठल्याइतका.

सिरिंज १ मिलीची, सुई काढलेली. नुसत्या टोकातून गवताचा भुगा अडकतो, म्हणून पुढचं टोक कापलं. कापलेली कड गालाला टोचू नये म्हणून ती जुन्या पॉलिशिंगच्या मोटरवर गुळगुळीत केली. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी मोटर पहिल्यांदा सुरू झाली. तुमच्याकडे मोटर नसेल तर बारीक पॉलिश पेपर पुरेल, किंवा सरळ रुंद तोंडाची सिरिंज मागा.

भरवायचं असं. टॉवेलात गुंडाळा, बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं, पण उताणं अजिबात नाही. चार पाय खाली, डोकं सरळ. सिरिंज समोरून नाही, बाजूने घालायची. पटाशीचे दात आणि दाढा यांच्या मधे एक मोकळी जागा असते, तिथून. अर्धा मिली सोडा आणि थांबा. चघळला, गिळला, मग पुढचं. घाई केली, मान वर केली, तर अन्न श्वासनलिकेत जातं. पहिल्या दिवशी मी दर घासाला मनात दहा अंक मोजायचो.

बाईंनी किलोमागे दिवसाला ६० मिलीचा हिशेब सांगितला होता. चिवड्याला म्हणजे साधारण ४८. आठ मिली सहा वेळा. सकाळी सहा ते रात्री साडेअकरा, मधे साडेतीन-साडेतीन तास. एका वेळेला वीस-पंचवीस मिनिटं. ज्यांना वाटतं पाकीट आणलं की झालं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पावडरीपेक्षा तुमचा दिवस जास्त खर्च होतो. नोकरीवाल्यांनी घरात दुसरा माणूस आधी तयार करावा. ही तिसऱ्या दिवसापासून दुपारची पाळी सांभाळायला लागली, आणि माझ्याआधी पूर्ण आठ मिली तिनेच संपवले. चटणीच्या भांड्याचा विषय मी त्यानंतर काढला नाही.

चिवड्याचं मत? पहिले दोन दिवस डोकं फिरवणं, तिसऱ्या दिवशी सिरिंजचं टोक स्वतःच धरणं. भिजवलेल्या गोळ्यांना त्याने असं कधी केलं नव्हतं. चौथ्या दिवशी लेंड्या पुन्हा गोल, नेहमीच्या आकाराच्या. आयुष्यात लेंड्या पाहून एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं. काट्यावर ७९०, ७९०, ७९५, ८०५. रोज सकाळी, भरवण्याआधी, त्याच काट्यावर. डोळ्यांना काही कळत नाही, अंगावर केस इतके की १०० ग्रॅम गेले तरी गोलच दिसतो.

१४१ ग्रॅमचं पाकीट पूर्ण भरवण्याच्या काळात मला जेमतेम आठवडा पुरलं. बाहेरून येणारा माल, किंमत आपल्याकडे जाणवतेच. दुसरं पाकीट मागवलं ते मात्र आता रेंगाळतंय, कारण आठव्या दिवशी चिवड्याने स्वतः कोथिंबिरीची काडी संपवली आणि मग भरवणं सहावरून चार, चारवरून दोन वेळा आलं. उघडलेलं पाकीट मुंबईच्या पावसाळ्यात बाहेर ठेवू नका, दोन दिवसांत ओलं धरतं. मी घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवतो. कालवलेली उरली तर झाकून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी टाकून द्यायची.

पण या पावडरीने दाढा झिजत नाहीत, हे मला लिहिलंच पाहिजे. ती बारीक दळलेली, गिळायची. झिजवायचं काम लांब गवताचं. आणि इथे चूक माझी. गेल्या पावसाळ्यात गवताच्या पिशवीला बुरशी आली, तेव्हा फेकून दिली आणि महिनोन् महिने गोळ्या आणि गाजरावर भागवलं. तो खातोय ना, मग झालं. गोळ्या दोन चाव्यांत संपतात, गवताच्या एका काडीला किती वेळ चघळावं लागतं ते आता रोज बघतो. सध्या टिमथी गवत तांदळाच्या जुन्या स्टीलच्या डब्यात, घट्ट झाकणाखाली. लसूण घास स्वस्त आणि ताजा मिळतो, पण मोठ्या गिनी पिगला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं, मूतखड्याची भीती, म्हणून तो बंद. त्याऐवजी ढोबळी मिरचीची एक फोड, क जीवनसत्त्वासाठी.

तेव्हा पावडर घ्या, चांगली आहे. पण दाढा पाहून झाल्याशिवाय नुसती पावडर भरवत बसाल तर पाकिटांमागून पाकिटं जातील आणि कमान जिभेवर तशीच राहील. दवाखान्यात गेल्यावर तुमच्या जनावराचं वजन कोणी विचारलं नाही आणि तोंडात मागे कोणी पाहिलं नाही, तर टोपली उचला आणि निघा. मला हे पहिल्याच दिवशी करायचं धाडस झालं नाही.

काल सकाळी काटा ८८५ दाखवत होता. रात्री साडेअकराला मी सवयीने रबरी वाटी घेतली, पावडर कालवली आणि टॉवेल घेऊन पिंजऱ्यापाशी बसलो. चिवडा गवतात तोंड खुपसून होता. सिरिंजकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. दाढा पुन्हा तपासायची तारीख गणपतीनंतरची आहे, बाईंनी आधीच सांगितलंय की हे अधूनमधून करावं लागेल. तोवर उरलेलं पाकीट फ्रीजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे.