‘फक्त सहा जणांचा गट’: फोटोग्राफी टूरच्या नावाखाली झालेली फसवणूक

किनारा आणि जंगल एकाच सहलीत, गटात फक्त सहा जण, सोबत नावाजलेला छायाचित्रकार. अशी जाहिरात पाहून पैसे भरायचा विचार चालू असेल, तर आधी हे वाचा. मी अशाच एका टूरला जाऊन आले. टूर रद्द झाली नाही, हॉटेल मिळालं, गाडीही वेळेवर आली. त्यामुळे फसवणूक झाली म्हटलं की ऐकणाऱ्याला पटत नाही. ‘फिरून तर आलात ना?’ असं विचारतात. फिरायला मी एकटीही गेले असते, आणि कितीतरी कमी पैशांत. जास्तीचे पैसे दिले होते ते कुठल्या जागी कधी उभं राहायचं हे जाणणाऱ्या माणसासाठी. तो माणूस टूरवर नव्हताच.

सुरुवात गटाच्या आकड्यापासून करते. जाहिरातीत ‘जास्तीत जास्त सहा’ असं ठळक अक्षरात होतं. प्रत्यक्षात गाडीत आम्ही बारा जण. विचारलं तर उत्तर तयार होतं: ‘सहा हा आकडा एका मार्गदर्शकामागे आहे, आपल्याकडे दोन मार्गदर्शक आहेत.’ दुसरा मार्गदर्शक म्हणजे गाडीचा चालक. भला माणूस होता, पण कॅमेऱ्याला त्याने हात लावलेला मी पाहिला नाही. एरवी बारा माणसं म्हणजे फार नव्हेत. पण पाण्यालगतच्या खडकावर दोन-तीन ट्रायपॉड जेमतेम मावतात. जंगलातल्या पायवाटेवर पुढच्याने ट्रायपॉड लावला की मागचे सगळे त्याच्या पाठीचा फोटो काढणार. लहान गटाची किंमत असते ती याच कारणाने, आणि नेमकी तीच गोष्ट आम्हाला दुप्पट गर्दीत विकली गेली.

ज्यांच्या नावावर टूर विकली ते छायाचित्रकार आलेच नाहीत. ‘त्यांना अचानक दुसरं काम आलं’ असं पहिल्या संध्याकाळी सांगण्यात आलं. करारात एक ओळ होती: ‘किंवा समकक्ष मार्गदर्शक’. समकक्ष कोण हे ठरवणार आयोजकच. बदली आलेल्या तरुणाने प्रत्येक ठिकाणी सर्वांत आधी स्वतःचा ट्रायपॉड सर्वांत चांगल्या जागी रोवला आणि उजेड संपेपर्यंत तो तिथून हलला नाही. गटातल्या एका मुलीने नवा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची गडद काच, आणला होता. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, त्यामुळे दहा स्टॉपचा फिल्टर उजेड साधारण हजारपटीने कमी करतो, म्हणजे एक तीसांश सेकंदाचं एक्स्पोजर अर्ध्या मिनिटाच्या आसपास जातं. फोकस आधी करून तो मॅन्युअलवर ठेवायचा आणि मग फिल्टर चढवायचा, एवढं सांगायला एक मिनिट लागलं असतं. तिचे पहिल्या संध्याकाळचे सगळे फोटो अस्पष्ट आले. रोज रात्री प्रत्येकाच्या फोटोंवर चर्चा होईल असंही जाहिरातीत होतं. ती एकाही रात्री झाली नाही.

आता वेळेबद्दल, कारण सगळी फसवणूक तिथेच उघडी पडते.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं: भरती जास्त चढते आणि ओहोटीला पाणी जास्त मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. छायाचित्रकाराच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की एखाद्या किनाऱ्यावर उधाणाची खोल ओहोटी दर वेळी घड्याळातल्या जवळपास त्याच वेळेला येते. आम्ही गेलो त्या किनाऱ्यावर ती दुपारी बाराच्या सुमारास आणि मध्यरात्री येते. साहजिकच, उधाणाच्या दिवसांत तिथे सूर्योदय आणि सूर्यास्त या दोन्ही वेळी पाणी वर असतं.

आमची टूर पौर्णिमेला धरून ठेवली होती. हे माहीत असणाऱ्या कुणीही वेळापत्रक असं लावलं असतं: पहाटे जंगल, दुपारी उघडे पडलेले खडक आणि डबकी, संध्याकाळी किनाऱ्यावरच्या उंच कड्यावरून समुद्र. आम्हाला मिळालं ते बरोबर उलट. सकाळी आरामात नाश्ता, भर दुपारी जंगल, संध्याकाळी खडकाळ किनारा.

जंगलात भर दुपारी, तेही स्वच्छ उन्हात, काय मिळतं हे कॅमेरा वापरणाऱ्याला सांगायला नको. पानांमधून उतरणारे उन्हाचे कवडसे पांढरेफटक जळतात आणि खोडांच्या सावल्या काळ्याकुट्ट होतात. दोन्ही टोकं एका एक्स्पोजरमध्ये मावत नाहीत. जंगलाला धुकं हवं, ढगाळ आभाळ हवं, पावसानंतरचा ओलेपणा हवा. अशा वेळी लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर फिरवला की ओल्या पानांवरची चकाकी जाते आणि हिरवा रंग खोलवरून वर येतो. झाडांमधून उतरणारे प्रकाशाचे झोत हवे असतील तर धुकं आणि तिरपं ऊन यांची गाठ पडावी लागते, आणि ती पडते बहुधा सकाळी धुकं विरताना. त्या सकाळी धुकं होतं. हॉटेलच्या खिडकीतून आम्ही ते विरताना पाहिलं. गाडी दहा वाजता निघणार होती.

किनाऱ्यावर जे झालं ते मात्र निव्वळ वाया गेलेल्या फोटोंपुरतं नव्हतं, म्हणून सविस्तर सांगते. दुपारी दोनच्या सुमारास आम्हाला खडकाळ टोकाला वळसा घालून पलीकडच्या छोट्या खाडीत नेलं. ओहोटी होऊन दोन तास झाले होते. खलाशी भरतीचा अंदाज बाराव्या हिश्शांत बांधतात: सहा तासांत पाणी चढतं त्यातला पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत चढतं. आम्ही टोक ओलांडलं ते नेमकं हे दोन तास सुरू होताना, आणि तेही उधाणाच्या दिवशी. गटातल्या एका गृहस्थांनी फोनवर भरतीचा तक्ता काढून मार्गदर्शकाला दाखवला. तो म्हणाला, ‘इथे पाणी एवढं वर येत नाही, मी बघितलंय.’ साडेचारला परतीची वाट कमरेइतक्या पाण्याखाली होती आणि लाटा खडकावर आपटत होत्या. पाठीवर बॅगा, हातात ट्रायपॉड अशा अवस्थेत आम्ही मागच्या घसरड्या घळीतून एकमेकांना ओढत वर आलो. गटात गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या एक आजी होत्या. त्यांना वर घ्यायला चौघे लागले. एका मुलाची कॅमेऱ्याची बॅग पाण्यात गेली. तिची भरपाई मागितल्यावर ‘सहभाग स्वतःच्या जबाबदारीवर’ ही करारातली ओळ दाखवण्यात आली. लोकांचे जीव या अडाणीपणाच्या भरवशावर ठेवले होते, याचा राग मला अजून आहे आणि तो राहणार.

परवान्याचं प्रकरण दुसऱ्या दिवशी कळलं. संरक्षित जंगलाच्या फाटकाशी गाडी थांबण्याआधी मार्गदर्शक मागे वळून म्हणाला, ‘कुणी विचारलं तर आपण सगळे मित्र आहोत असं सांगा.’ हे वाक्य ऐकलं की तिथेच समजून घ्यावं. पैसे घेऊन गट नेणाऱ्याला बऱ्याच संरक्षित क्षेत्रांत वेगळा व्यावसायिक परवाना लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत तर फोटोग्राफी कार्यशाळा घेणाऱ्यालाही तो काढावा लागतो. आमच्या माणसाकडे नव्हता. सारखे दिसणारे टॅग लावलेल्या बारा बॅगा पाहून फाटकावरच्या कर्मचाऱ्यांनी ओळखायचं ते ओळखलं आणि गाडी परत फिरवली. त्यांचं काहीच चुकलं नाही. जाहिरातीतलं ‘घनदाट, अस्पर्श जंगल’ आम्ही फाटकाबाहेरून पाहिलं आणि उरलेला वेळ रस्त्याकडेच्या लागवडीच्या झाडांत घालवला.

परत आल्यावर मी जाहिरातीतले फोटो एकेक करून तपासले. सर्वांत मोठ्या फोटोत शेवाळाने हिरवे झालेले, अगदी तळातले खडक सूर्यास्ताच्या तांबूस उजेडात उघडे दिसतात. त्या किनाऱ्यावर एवढी खोल ओहोटी बाराला येते. मावळतीला ओहोटी असते ती भांगाच्या दिवसांत, आणि तेव्हा पाणी तेवढं मागे जात नाही. म्हणजे तो फोटो तिथला असणं शक्य नव्हतं. टिनआय या फोटोवरून मूळ जागा शोधणाऱ्या संकेतस्थळावर शोध घेतला तेव्हा तो भलत्याच किनाऱ्यावरचा निघाला, दुसऱ्याच छायाचित्रकाराने विक्रीला ठेवलेला. त्याला याचा पत्ताही नव्हता. मी कळवल्यावर त्याने आयोजकाकडे स्वतः तक्रार केली.

दुसरा फोटो खडकातल्या भोकातून आरपार येणाऱ्या सोनेरी किरणांचा. हा मात्र तिथलाच आहे आणि खरा आहे, फक्त आमच्या टूरच्या ऋतूत तो मिळणं अशक्य होतं. मावळत्या सूर्याची क्षितिजावरची जागा वर्षभर सरकत असते. विषुववृत्तावरसुद्धा दोन टोकांमध्ये सुमारे ४७ अंशांचा फरक पडतो, आणि तिथून उत्तरेला किंवा दक्षिणेला जावं तसा तो वाढत जातो. त्यामुळे ठरावीक भोकातून किरण येण्याचे दिवस वर्षात थोडेच असतात. कॅलिफोर्नियातल्या फायफर बीचच्या कमानीतून असा उजेड डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास येतो, म्हणून त्या दिवसांत तिथे ट्रायपॉडांची रांग लागते. उन्हाळ्यात त्याच कमानीचा तसा फोटो दाखवून टूर विकली तर जागा खरी आणि वचन खोटं. आमच्या बाबतीत अगदी हेच झालं. आकाश बदलणं तर आता काही सेकंदांचं काम आहे. फोटोशॉपमध्ये २०२० पासून त्यासाठी तयार सोय आहे. म्हणून रंग पाहून भुलण्यापेक्षा सूर्य, पाणी आणि सावल्या एकमेकांशी जुळतात का ते पाहिलं पाहिजे.

पैशांचं म्हणाल तर नोंदणीची रक्कम मी कार्डाने भरली होती. उरलेली रक्कम ‘कार्डाचं शुल्क वाचेल, थोडी सूटही देतो’ म्हणून थेट बँक खात्यात मागून घेतली. त्या वेळी ती सवलत वाटते. कार्डाचा व्यवहार बँकेकडे वाद घालून उलटवता येतो, खात्यात गेलेला पैसा देणाऱ्याच्या हातातून गेलेला असतो, हे आयोजकाला पक्कं माहीत असतं. तक्रार केल्यावर आधी गोड उत्तरं आली, मग ‘पुढच्या टूरवर सवलत’ देऊ केली, मग उत्तरं थांबली. त्याच आठवड्यात जाहिरातीतला ‘सहा’ हा आकडा गायब झाला. सुदैवाने जुन्या पानाची प्रत वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या संकेतस्थळावर होती. ती प्रत, माणसांच्या संख्येसकट गटाचा फोटो, भरतीचा तक्ता आणि फाटकावरून परत पाठवल्याचा आयोजकाचा स्वतःचा संदेश, एवढं मी बँकेला दिलं. सांगितलेली सेवा दिली नाही, या मुद्द्यावर कार्डाची रक्कम परत मिळाली. ‘अनुभव वाईट होता’ एवढ्यावर ती मिळाली नसती. सहा आणि बारा हा फरक कागदावर दाखवता आला म्हणून मिळाली. खात्यात भरलेल्या पैशांसाठी ग्राहक तक्रार चालू आहे.

दुसऱ्या एका आयोजकाला मी नंतर टूरबद्दल विचारलं, तेव्हा प्रामाणिक माणूस कसं उत्तर देतो ते कळलं. त्याने न मागता रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा, सूर्य कुठल्या दिशेला मावळणार, ढगाळ असलं तर कुठे आणि ऊन असलं तर कुठे जायचं, हे सगळं एका पानावर पाठवलं. ‘जाहिरातीतला अमुक फोटो या महिन्यात मिळणार नाही’ असंही लिहिलं. तो स्वतः येऊ शकला नाही तर पूर्ण पैसे परत, हे करारात स्पष्ट होतं. परवान्याची आणि विम्याची प्रत मागितली, तीही लगेच आली.

ज्या टूरने मला फसवलं ती अजून विकली जाते आहे, नव्या तारखांसह आणि आता ‘छोटा गट’ एवढंच म्हणून. अशा कुठल्याही टूरची नोंदणी करून तुमची बाकी रक्कम भरायची राहिली असेल, तर आजच जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि आयोजकाला लेखी चार गोष्टी विचारा: गाडीत एकूण किती माणसं असतील, मार्गदर्शक बदलला तर पैसे परत मिळतील का, परवाना कुणाच्या नावावर आहे, आणि प्रत्येक दिवशी ओहोटी किती वाजता आहे व त्या वेळी आपण कुठे असू. चौथ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं तर बाकीची रक्कम भरू नका.