दहा ते सतरा वयाची पोरं घेऊन सिंगापूरची क्रूझ: बेळगावहून जाणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

ज्यांच्या घरात दहा-बारापासून सतरापर्यंतची पोरं आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय, अगदी लहान बाळं असणाऱ्यांना किंवा नुसतं नवरा-बायकोनं जाणाऱ्यांना याचा फार उपयोग नाही. या वयाच्या पोरांना सुट्टीत कुठं न्यायचं हा आमच्या बेळगावात दरवर्षीचा प्रश्न, गोवा तर चोर्ला घाट उतरला की आलंच, आंबोली, दांडेली, मालवण सगळं झालेलं, आणि कुठंही गेलं तरी पोरगा मागच्या सीटवर हेडफोन घालून आणि पोरगी "अजून किती वेळ" म्हणत. म्हणून आम्ही चौघं आणि धाकटे दीर, जाऊबाई, त्यांचा मुलगा असे मिळून सिंगापूरहून सुटणारी चार रात्रींची क्रूझ घेतली, सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. आमचा मोठा पंधराचा, दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली, मुलगी बाराची आणि जाऊबाईंचा मुलगा तेरा पूर्ण. ही वयं लक्षात ठेवा.

आधी निकाल सांगून टाकते. पैसा वसूल झाला, पोरं खूश, आम्ही त्याहून खूश. पण एक अट आहे, जहाज निवडताना ते कुठं जातं हे नंतर बघा, तुमच्या पोरांच्या वयाला त्यावर काय आहे ते आधी बघा. लोक उलटं करतात, फुकेत आहे का, पेनांग आहे का, बाल्कनीची खोली किती, आणि पोरांचा क्लब (जहाजावर पोरांना खेळायला, जमायला वेगळी जागा असते ती) म्हणजे "असेल की काहीतरी".

हे एजंट लोक सांगत नाहीत. आमच्या एजंटानं (नाव घालत नाही, शहरातलाच आहे) "किड्स क्लब आहे मॅडम, सगळ्या वयाची मुलं जातात" एवढंच सांगितलं होतं, आणि मी दोनदा विचारलं तरी तेच. प्रत्यक्षात प्रत्येक क्रूझ कंपनीच्या वयाच्या रेषा ठरलेल्या असतात आणि त्या कुणासाठी हलवत नाहीत. नॉर्वेजियनमध्ये एन्टुराज हा टीन क्लब १३ ते १७, म्हणजे बारावर्षांचं पोर लहानांच्यात. कार्निव्हलला सर्कल सी १२ ते १४ आणि क्लब ओ-टू १५ ते १७. एमएससीतही १२ ते १४ वेगळे, १५ ते १७ वेगळे. डिस्नीचा एज ११ ते १४ आणि व्हाइब १४ ते १७. आता आमच्यासारखी १२, १३ आणि १५ ची तीन पोरं घ्या आणि एकेका कंपनीत बसवून बघा, एकीकडं दोघं भाऊ एकत्र आणि मुलगी वेगळी, दुसरीकडं धाकटी दोघं एकत्र आणि मोठा एकटा. कुठली जोडी जमली पाहिजे ते तुमच्या घरावर आहे, पण ते बुकिंगच्या आधी ठरवा. वय क्रूझच्या तारखेला किती आहे ते धरतात, त्यामुळं वाढदिवस जवळ आला असेल तर क्रूझ महिनाभर पुढं ढकलणं सुद्धा फायद्याचं.

आमच्या जहाजावर रेषा तेरावर होती. पहिल्या संध्याकाळी जहाज सुटल्यावर टीन क्लबची ओळखपाळख असते, तिघं एकत्र गेले, मी मागनं. दारातल्या मुलीनं पोरांची जहाजाची कार्डं (तेच ओळखपत्र, खर्च पण त्यावरच) टॅबला लावली, दोघं भाऊ आत, आणि आमच्या पोरीचं कार्ड बघून ती अगदी गोड हसली आणि नाही म्हणाली. आतनं गाण्याचा आवाज येत होता, दार उघडलं की निळा लाईट बाहेर पडायचा, आणि आमची पोरगी नवीन चप्पल घालून, केस मोकळे सोडून तिथं उभी. रडली नाही पण ओठ असे घट्ट. घरी तिघांच्यात कधी भेद केलेला नाही आम्ही, गणपतीत ढोल सुद्धा तिघं वाजवतात. मला वाटलं झालं, आता चार दिवस हिची समजूत काढण्यात जाणार.

पण तसं झालं नाही, आणि याचं सगळं श्रेय त्या लहानांच्या क्लबातल्या स्टाफला. त्यांनी १० ते १२ वाल्यांचा गट वेगळा ठेवला होता, लहान पिल्लांच्यात बसवलं नाही, आणि त्याच रात्री सगळ्या जहाजभर फिरून खुणा शोधायचा खेळ होता. ही आठ डेक वरखाली पळून साडेदहाला परत आली ती घामाघूम, आणि सोबत बेंगळूरची एक मुलगी. दोघी कन्नडमध्ये बोलत होत्या! शाळेतलं कन्नड घरी कधी तोंडातनं निघत नाही आणि तिथं भर समुद्रात "नाळे बर्तीया?" (उद्या येतेस काय?) चाललेलं. दुसऱ्या दिवसापासनं मी तिला फक्त जेवायच्या टेबलावर बघितलं.

एक गोष्ट छाती ठोकून सांगते. पहिल्या रात्री पोरांना पाठवाच. नको म्हणतील, तोंड वाकडं करतील, "मला नाही अनोळखी लोकांत जायचं" म्हणतील, आमचा मोठा पण तेच म्हणत होता, त्याला चुलतभावानं हाताला धरून ओढत नेलं. या वयाच्या पोरांचे गट पहिल्या रात्रीच पडतात, तिसऱ्या दिवशी गेलं तर सगळे आपापल्यात. तिथं फार काही राजेशाही नाही, टेबल टेनिस, व्हिडिओ गेम, पिझ्झा, रात्री डॉजबॉल, पण मोठी माणसं आत येत नाहीत हीच त्यांना चैन वाटते.

आता आयांच्या मनातला प्रश्न, सुरक्षित आहे का? मला तरी वाटलं की एवढी मोकळीक पोरांना आपण बेळगावात देत नाही आणि तिथं बिनधास्त देता येते. जहाजाच्या बाहेर कोण जाणार? चढता-उतरताना प्रत्येक कार्ड स्कॅन होतं, फोटो समोर येतो. दहा-बाराच्या पोरांना क्लबातनं स्वतः सही करून बाहेर पडायची परवानगी आपण देऊ शकतो किंवा नाकारू शकतो. रात्रीची वेळ पण असते, रॉयल कॅरिबियनवर रात्री १ नंतर सतरापर्यंतच्या मुलांना मोठ्या माणसाशिवाय फिरता येत नाही. तरी आम्ही आमचे नियम घातले, कुणाच्याही खोलीत जायचं नाही, कठड्यावर चढायचं नाही, पोहायला एकट्यानं नाही (आमची गोवावेसच्या तलावात शिकलेली आहेत तरी), आणि रात्रीचं जेवण सातही जणांनी एकत्र, काही झालं तरी.

फोनचं मात्र आधी समजून घ्या. जहाज किनारा सोडलं की फोन एअरप्लेन मोडवर टाकायचाच, नाहीतर जहाजाचं सॅटेलाईट नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल घरी येऊन डोळे पांढरे करतं. वायफायचं पॅकेज वेगळं, महाग, आणि आम्ही फक्त मोठ्यांसाठी एक घेतलं. पोरांना नाही. पहिला अर्धा दिवस कटकट झाली, नंतर आठवण सुद्धा नाही. निरोपासाठी खोलीच्या दारावर चिकटवायचे कागद, "डेक ११, स्लाईड, ५ ला येतो" एवढं लिहून जायचं. जहाज कंपनीच्या ॲपवर चॅट असतो तो पण चालतो.

जेवणाचं. बुफेत रोज भारतीय कोपरा होता, डाळ, भात, पनीर, एकदा चक्क बिसिबेळे भातासारखं काहीतरी. शाकाहारी लोकांची उपासमार होत नाही, जैन जेवण लागत असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्यावं लागतं, ऐनवेळी सांगून जमत नाही. पोरांनी पहिल्या दिवशी पिझ्झा, दुसऱ्या दिवशी पिझ्झा, तिसऱ्या दिवशी आपण होऊन वरण-भात मागितला. या वयाच्या मुलग्यांचं खाणं म्हणजे भट्टीत कोळसा घातल्यासारखं असतंय आणि हॉटेलात राहून ते परवडत नाही, इथं सगळं तिकिटात, रात्री अकराला भूक लागली तरी जायचं आणि खायचं. कोल्ड्रिंक मात्र बहुतेक जहाजांवर तिकिटात नसतं, आणि पोरं कार्ड दाखवून घेत सुटतात, म्हणून पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन त्यांच्या कार्डाला लिमिट घाला. गेम आर्केडचं पण तेच.

घरचं शिजवलेलं बहुतेक कंपन्या जहाजावर नेऊ देत नाहीत, सीलबंद पाकीट चालतं. आमचा कुंद्याचा डबा दुकानातला पॅक होता म्हणून सुटला, शेंगाचटणी पण. जाऊबाईंची इलेक्ट्रिक किटली सिक्युरिटीनं काढून घेतली, पावती दिली, उतरताना परत. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड नेऊच नका. आणि पोरांच्या खिशात च्युइंगम नाही ना ते सिंगापूरला उतरायच्या आधी बघा, तिथं आणायला बंदी आहे.

बोट लागते का असं सगळे विचारतात. मलाक्काची सामुद्रधुनी एका बाजूला मलेशिया आणि दुसऱ्या बाजूला सुमात्रा अशी मधे सापडलेली, त्यामुळं पाणी बऱ्यापैकी शांत असतं. फुकेतकडं अंदमान समुद्र लागतो, तिथं मे ते ऑक्टोबर पावसाळी वाऱ्यात हलतं. एप्रिलमध्ये आम्हाला काही जाणवलं नाही, गोळ्या तशाच परत आणल्या.

पेनांग पोरांना फुकेतपेक्षा जास्त आवडलं, मलाही. जहाज जॉर्ज टाउनच्या स्वेटनहॅम धक्क्यालाच लागतं, उतरलं की चालत गावात. २००८ पासनं हे गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, पण पोरांना वारसा नको असतो, त्यांना भिंतींवरची चित्रं सापडली. आर्मेनियन स्ट्रीटवर खऱ्या सायकलवर बसलेल्या दोन मुलांचं चित्र आहे, सायकल खरी आणि मुलं भिंतीवर रंगवलेली, तिथं फोटोला रांग. नकाशा पोरांच्या हातात दिला आणि "तुम्ही न्याल तिकडं येतो" म्हटलं, एरवी दहा पावलं मागं राहणारा आमचा मोठा सगळ्यांच्या पुढं. दुपारी लिटल इंडियात केळीच्या पानावर जेवलो. कंपनीची महागडी सहल घ्यायची इथं गरज नाही. फुकेतला मोठी जहाजं बऱ्याचदा बाहेर नांगर टाकतात आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात, त्याला वेळ जातो, ऊन पण फार. पोरांनी अर्ध्या दिवसात "जहाजावर चला" लावलं आणि आम्ही आलो परत. रिकामं जहाज, मोकळ्या स्लाईड, दुपारभर धमाल. बंदरात उतरलंच पाहिजे असा आग्रह या वयाला धरू नका.

शेवटच्या आधीच्या रात्री एक झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोठा क्लबातनं लवकर आला आणि "आई, वर येतीस काय" म्हणाला. आईस्क्रीमचे कोन घेऊन डेकवर बसलो, आजूबाजूला मालवाहू जहाजांचे दिवेच दिवे, मलाक्काची सामुद्रधुनी जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक आहे. आणि हा आपण होऊन पीयूसीचं (अकरावी-बारावीचं) बोलायला लागला, सायन्स नको वाटतंय, कॉमर्स घेऊ काय, बाबांना कोण सांगणार. घरी वर्षभर विचारून "बघू" शिवाय उत्तर नव्हतं. तासभर बोलला. पोरांना आपल्यापासून लांब सोडलं की ती स्वतःहून जवळ येतात असं माझं मत झालंय, आणि जहाजावर लांब सोडायला जागा असते, हॉटेलच्या एका खोलीत नसते.

जागा म्हटलं म्हणून सांगते, जहाजाचा आकार या वयाला महत्त्वाचा. मुंबईहून जाणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस जहाज १९९० साली बांधलेलं, साधारण ४८ हजार टनांचं, पूर्वी रॉयल कॅरिबियनकडं होतं. सिंगापूरला येणारी क्वांटम वर्गातली रॉयल कॅरिबियनची जहाजं १ लाख ६८ हजार टनांच्या आसपास. त्यांच्यावर फ्लोरायडर म्हणून सर्फिंगचा प्रकार असतो, पोटावर झोपून करायला ५२ इंच उंची लागते, उभं राहून करायला ५८, पोरांना घरीच दाराला उभं करून मोजून घ्या. पहिल्यांदाच समुद्र बघायचा, पोरं लहान आहेत, सुट्टी थोडी आहे तर मुंबईचं जवळ आणि सोयीचं. तेरा-पंधराची असतील तर मला मोठं जहाज बरं वाटतं.

खर्चात एक गोष्ट धरत नाहीत लोक, टिपा. बहुतेक मोठ्या कंपन्या माणशी दिवसाला १६ ते २० डॉलर खात्यावर आपोआप लावतात, पोरांचे पण पूर्ण. चौघांचे चार रात्रींचे २५० ते ३२० डॉलर झाले की. एजंटाच्या कोटेशनमध्ये आहेत का नाहीत ते लेखी घ्या.

बेळगावहून आम्ही राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री बेंगळूर, तिथनं विमान, साडेचार तासांच्या आसपास. विमान क्रूझच्या आदल्या दिवसाचंच घ्या, जहाज कुणासाठी थांबत नाही. सिंगापूरचा व्हिसा लागतो आणि जहाज परत तिथंच येतं म्हणून मल्टिपल एंट्री आहे का ते बघा, मलेशिया-थायलंडचे नियम बुकिंगच्या दिवशी तपासा. पंधराखालच्या मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, मोठ्यांच्या दहाच्या हिशोबानं आपण निवांत राहतो आणि पोरांचा संपत आलेला असतो. प्रवासाच्या दिवशी सहा महिने तरी शिल्लक पाहिजेत, तेव्हा आज कपाट उघडून तारीख बघा, मग एजंटाला फोन लावा.