लाँग ड्रेन ऑइल ट्रॅक्टरला वापरून पाहिलं, त्याचा अनुभव

आमच्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरला आधी साधं सीएफ-४ (डिझेल इंजिन ऑइलचा जुना दर्जा) ऑइल होतं. आता एक पूर्ण हंगाम १५डब्ल्यू-४० ग्रेडचं, सीआय-४ प्लस या वरच्या दर्जाचं लाँग ड्रेन, म्हणजे जास्त तासांनी बदलायचं ऑइल वापरलंय. नांगरणी, रोटाव्हेटर, ट्रॉली आणि मळणी अशी सगळी कामं त्यावर झाली. डब्यावर ५०० तास छापलेत, ट्रॅक्टर कंपनीचं पुस्तक २५० सांगतं. मी २५० ला बदललं आणि पुढेही तेच करणार.

कारण सांगतो. डब्यावरचा आकडा चांगल्या परिस्थितीतला असतो. रोटाव्हेटर कोरड्या रानात चालतो तेव्हा ट्रॅक्टर धुळीच्या लोटातच असतो. एअर क्लीनर जरा जरी ढिला असला तरी ती माती रिंग-पिस्टनपर्यंत जाते, आणि कितीही भारी ऑइल असलं तरी माती ती मातीच. त्यामुळे मळणीच्या दिवसांत ऑइल बाथची वाटी (एअर क्लीनरच्या तळाची, हवेतली धूळ पकडणाऱ्या ऑइलची) रोज संध्याकाळी उघडून बघायचो. तळाला गाळ साचला की धुऊन नवीन ऑइल, खुणेपर्यंतच. माझ्या मते इंजिनचं आयुष्य डब्यापेक्षा या वाटीवर जास्त अवलंबून आहे.

तास मोजण्यातली एक गोम बऱ्याच जणांना माहीत नसते. केबलवर चालणारा जुना अवर मीटर घड्याळाचा तास दाखवत नाही, तो इंजिनचे फेरे मोजतो. ठरलेल्या आरपीएमवर इंजिन चाललं तरच त्याचा एक तास खऱ्या तासाएवढा भरतो. ट्रॉली घेऊन संथ चाललात किंवा ट्रॅक्टर नुसता सुरू ठेवून गप्पा मारत बसलात, तर मीटर मागे राहतो. इलेक्ट्रॉनिक मीटर मात्र बहुधा सरळ वेळ मोजतो. शेजारी-शेजारी दोन ट्रॅक्टरांचे तास जुळत नाहीत, त्यामागे हेही एक कारण असतं. मी मडगार्डच्या आतल्या बाजूला खडूने बदलीच्या वेळचा आकडा लिहून ठेवतो. खडू पुसला जातो, म्हणून तोच आकडा फिल्टरवर मार्करने.

आता रंगाविषयी. नवं ऑइल टाकून थोडंसं काम केलं की डिपस्टिकवर काळं दिसतं आणि लोक म्हणतात, "फसवलं, डुप्लिकेट दिलं." डिझेल इंजिनात काजळी होणारच. ती तळाला न बसू देता ऑइलमध्ये तरंगती ठेवणं हे ऑइलमधल्या रसायनांचं कामच आहे, म्हणजे काळं झालं तर ते काम करतंय. दुधाळ झालं तर मात्र ट्रॅक्टर लगेच बंद करा, पाणी शिरलंय.

पातळी वाढणं हा तिसरा प्रकार, तो या हंगामात प्रत्यक्ष पाहिला. सकाळी डिपस्टिक ओढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर. कुणी ओतलेलं नव्हतं. बोटावर घेतलं तर पातळ, आणि डिझेलचा वास. डिझेल पंपाचं सील गेलं होतं, तिथून डिझेल इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये उतरत होतं. सील बदललं, ऑइल आणि फिल्टरही बदलला, तास भरायचे बाकी असूनही. अशा पातळ ऑइलवर ओढत राहिलं तर बेअरिंग जातं. ऑइल कमी झालं की सगळे घाबरतात, वाढलेलं दिसलं की "बरं झालं" म्हणतात, हे विचित्रच.

फरक काय पडला? दोन बदल्यांच्या मध्ये टॉपअप कमी लागला, हे नक्की. थंडीत सकाळी इंजिन लवकर उठतं असं चालवणारा म्हणतो. मला तसं काही जाणवलं नाही. डिझेलची बचत? शून्य. ॲव्हरेजसाठी हे ऑइल घेणार असाल तर घेऊ नका.

बदलताना इंजिन गरम असतानाच काढा, म्हणजे काजळीसकट बाहेर येतं. ड्रेन नटचा तांब्याचा वायसर नवा घाला. फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावून तो हातानेच आवळा, पान्याने नको. नवीन ट्रॅक्टरची पहिली बदली बहुतेक पुस्तकांत ५० तासांच्या आसपास असते, ती चुकवू नका. आणि वर्षात तास भरलेच नाहीत तरी एकदा बदलाच, कारण उभ्या गाडीतही ओल आणि आम्ल साचतं.

कारचं गणित वेगळं. तिथे साधारण १०,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, पण रोज दोन-चार किलोमीटरच चालणारी गाडी असेल तर किलोमीटरवर जाऊ नका. इंजिन पुरतं तापतच नाही. धुरातली काजळी अडवणारा कणांचा फिल्टर (डीपीएफ) असलेल्या नव्या डिझेल गाडीला पुस्तकात लिहिलेलंच कमी राखेचं ऑइल लागतं.

उरलेलं ट्रॅक्टरचं ऑइल मोटरसायकलला टाकू का, असं कुणीतरी विचारतंच. नको. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलेलं बघून घ्या, नाहीतर चढावर क्लच घसरायला लागेल.