गोचिडाची चघळायची गोळी : गोळी भारी, पण दुकानदाराचं ऐकू नका

आमचा कुत्रा टिप्या, गावठीच आहे, वजन बावीस किलो, अमळनेरकडं शेतात राहतो अन् झोपायला गोठ्यातच, म्हणजे गोचीड काय कमी का भो. मागच्या वर्षी अचानक खाणं सोडलं, अंग तापलेलं, नाकातून रक्त. आई म्हणे ह्याले काय व्हयनं रे, मी थेट दवाखान्यात. रक्त तपासलं तर प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) खाली अन् एर्लिकिया, म्हणजे गोचिडातून येणारा आजार, निघाला. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक अठ्ठावीस दिवस दिलं, वाचला.

नंतर परत तसं नको म्हणून फ्लुरालानर ह्या गोचीड मारणाऱ्या औषधाची गोळी घेतली. वीस ते चाळीस किलोला १००० मिलिग्रॅमची एक, जेवणासोबत द्यायची, साधारण बारा आठवडे चालते. टिप्यानं भाकरीच्या काल्यात गपकन खाल्ली. दुसऱ्या दिवशी कानातले गोचीड वाळून पडलेले, हाताने ओढायची गरजच नाही. आधी मी पावडर, साबण, गळ्यातला पट्टा सगळं करून बसलोय, त्यात हीच चालली. महाग आहे, एका गोळीत घरचा किराणा येतो, पण इलाजाच्या खर्चापुढं परवडली.

आता तक्रार. गोळी जिथून घेतली तो म्हणे ही दिली की गोचिडाचा व्हायरस लागतच नाही. साफ चूक. एकतर एर्लिकिया व्हायरस नाहीच, बॅक्टेरिया आहे, म्हणून तर डॉक्सी चाललं, अन् गोचिडातूनच येणारा दुसरा आजार बॅबेसिया, तो रक्तातला परजीवी, त्याला औषध वेगळं. गोचिडातून येणारे खरे व्हायरसही आहेत, युरोपात कुत्र्यांना त्यातून मेंदूज्वर होतो, ताप येतो, झटके येतात, त्याच्यावर नेमकं औषध नाही. आपल्याकडचा माकडताप पण गोचिडाचाच व्हायरस, १९५७ ला कर्नाटकात शिमोग्याकडं सापडला, पण तो माकडांचा अन् माणसांचा. टिप्याला असलं काही नव्हतं, उगाच घाबरू नका.

दुसरं म्हणजे गोळी रक्तात असते, गोचीड चावल्याशिवाय मरतच नाही. एर्लिकियाला कुत्र्यात शिरायला काही तास लागतात म्हणून तिथं बराच फायदा होतो, पण तो युरोपातला व्हायरस चावल्या चावल्या काही मिनिटांत जाऊ शकतो, तिथं गोळी काय करणार.

कुत्र्याला आधी फिट येत असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊच नका. अन् गोठ्याच्या भिंतीच्या फटी बुजवा, तपकिरी गोचिडाची एक मादी हजारावर अंडी घालते ती कुत्र्यावर नाही तर तिथं फटीत. आम्ही फटी लिंपल्या, चुना मारला, तेव्हा कुठं कमी झाले.

पाचपैकी चार स्टार, एक किमतीचा कापला. दुकानदाराला शून्य.