चेनसॉ चालवायला चॅप्स की पँट, हेल्मेट की नुसता गॉगल?

जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्तेने कोकणातल्या बागा आडव्या केल्या. तेव्हापासून आमच्या वाडीत तीन-चार घरांत कटर आले. कटर म्हणजे चेनसॉच, धावत्या साखळीची यांत्रिक करवत. अंगावरचं सामान मात्र ग्रासकटरचंच राहिलं: तोंडावर जाळी, नडगीला प्लॅस्टिकचे गार्ड, पायात गमबूट. गवतातून उडणारा खडा अडवायला ते ठीक आहे, पण धावती चेन त्या प्लॅस्टिकला जुमानत नाही. तेव्हा ‘गार्ड घरात आहेतच’ हा हिशेब आधी सोडा.

पहिला पैसा पायांवर घाला. इथे पर्याय दोन. चॅप्स म्हणजे पायांपुढचं आवरण, ते नेहमीच्या पँटवरून पुढे बांधायचे आणि मागे पट्ट्यांनी आवळायचे. चेनसॉची पँट म्हणजे पूर्ण पँटच. दोन्हींत कामाचा असतो तो आतला लांब, सैल धाग्यांचा थर. चेनने बाहेरचं कापड फाडलं की हे धागे तिच्याबरोबर ओढले जातात, स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंततात आणि चेन अडकून थांबते. ओळखीतल्या एकाच्या चॅप्सला मांडीवर बोटभर चीर पडलेली मी पाहिली आहे. आतले पांढरे धागे शेवयांसारखे लोंबत होते, खालची पँट शाबूत. ते चॅप्स तिथेच बाद झाले. एकदा चेन लागलेले चॅप्स शिवून पुन्हा वापरायचे नसतात.

पँट अंगासरशी बसते, करवंदीच्या जाळीत अडकत नाही, पण महाग पडते आणि मे महिन्यात उकडून काढते. दोन दिवसांत ती खुंटीला लागते आणि गडी पुन्हा हाफपँटवर. चॅप्स चहाच्या वेळी सोडून ठेवता येतात, दोघांत एक जोडी चालते. मात्र लेबलवरचा टाइप बघा: टाइप ए म्हणजे संरक्षण फक्त पुढून, तर टाइप सी सगळीकडून. माझं मत विचाराल तर जमिनीवर उभं राहून पडलेलं झाड तोडायचं असेल तर चॅप्स, झाडावर चढून फांद्या उतरवायच्या असतील तर टाइप सी पँटच. वर पाय कुठे आणि चेन कुठे, याचा नेम नसतो.

लेबलवर क्लासही असतो: क्लास १ म्हणजे दर सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनवर तपासलेला, क्लास २ चोवीसवर, क्लास ३ अठ्ठावीसवर. क्लास वाढला की जाडी आणि घामही वाढतो, त्यामुळे घरच्या लहान कटरला मी क्लास १ घेईन. आणि विजेचा किंवा बॅटरीचा कटर असेल तर चॅप्सवर फार विसंबू नका. त्याच्या मोटरचा जोर वेगळा, धागे गुंतले तरी ती ओढत राहू शकते.

डोक्याचं ठरवणं सोपं आहे. हेल्मेट, जाळी आणि कानावरचे मफ एकत्र येणारा संच घ्या. सुटा गॉगल आणि कानात बोळे स्वस्त पडतात, पण वरून सुकी फांदी किंवा माडाची झावळ आली तर त्यांचा काय उपयोग? शिवाय तेलकट बोटांनी बोळे कानात कोण घालतो? मफ एका हाताने वर करता येतात, ‘बाजूला हो!’ ही हाक ऐकू येते. पेट्रोलच्या कटरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबलच्या वर जातो आणि तेवढ्या आवाजात पंधरा मिनिटांतच कानाला सोसेल एवढा दिवसभराचा कोटा संपतो. जाळीवर आपल्याकडच्या दमट हवेत वाफ धरत नाही, पण बारीक भुसा आत येतो. म्हणून तिच्या आत साधा पारदर्शक चष्मा हवाच.

हातमोज्यांत फार डोकं घालवू नका. पकड नीट बसणारे चामड्याचे बस. वेल्डिंगचे जाडजूड मोजे नकोत, त्यात बोट ट्रिगरवर धड बसत नाही. गमबूट शेवाळलेल्या उतारावर घसरतात, त्यापेक्षा खोल नक्षीच्या तळव्याचे, लोखंडी टोपीचे सेफ्टी बूट बरे. टोपी फक्त बोटं झाकते, पावलाची वरची बाजू उघडीच राहते. म्हणून दुकानात चॅप्स घालून बघताना पायात तेच बूट असू द्या, खालची कड बुटावर दोन इंच तरी आली पाहिजे.